यजमानाबद्दल कधी लिहिणार?

'इको' हा शब्द लावलेल्या पर्यटनावरचा कुठलाही लेख उघडा. धुकं, लाकडी खोली, खिडकीतून दिसणारी दरी आणि खाली 'कसे जाल, कुठे राहाल' ही चौकट. तिथला स्थानिक माणूस, म्हणजे खरा यजमान, फोटोत हसताना दिसतो. पण त्याच्या हातात किती पैसे पडतात, रिसॉर्ट भरलेलं असताना त्याच्या विहिरीला पाणी राहतं का, हे विचारलेलं क्वचितच सापडतं. मला याचा मनापासून राग येतो. इकोटुरिझम, म्हणजे निसर्गाला आणि स्थानिकांना जपणारं पर्यटन, खरं की नुसतं नावाला, हे याच उत्तरांवर ठरतं.

थायलंडची माया बे आठवा. एका हॉलिवूडपटामुळे ही चिमुकली खाडी जगभर गाजली आणि पुढे गर्दीच्या दिवसांत तिथे 5,000 पर्यंत माणसं उतरू लागली. बोटींचे नांगर प्रवाळावर पडत होते. जून 2018 मध्ये खाडी बंद केली, तेव्हा 'स्वर्ग उद्ध्वस्त' छापाच्या बातम्या आल्या. जानेवारी 2022 मध्ये उघडली, तेव्हा 'चला, पुन्हा स्वर्गात'. मधल्या साडेतीन वर्षांत माणसांनी हातांनी प्रवाळ लावलं, परांची टोकं काळी असलेले शार्क उथळ पाण्यात परतले, बोटींचा धक्का खाडीच्या मागच्या बाजूला नेला. पोहण्यावर बंदी आली, आता तर दरवर्षी दोन महिने खाडी बंद ठेवतात. खरी गोष्ट हीच होती आणि तिच्या वाट्याला फार थोडी जागा आली. आणि ज्या माध्यमांनी 'मरण्यापूर्वी पाहायलाच हवीत' अशा याद्या छापून गर्दी तिकडे वळवली, त्यांनी त्यात आपलाही हात होता का, हे तपासलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

लोक गोरिला पाहायला जातात त्या आफ्रिकेतल्या रवांडाचंही तसंच. गोरिलांच्या एका कळपाजवळ दिवसातून एकदा, आठच पर्यटक, तासभर. परदेशी पर्यटकासाठी परवाना 1,500 डॉलर. लेखांमध्ये भरभरून येते ती गोरिलाच्या नजरेला नजर भिडल्याची थरारक हकिकत. पण गोरिला राहतात त्या राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यटन उत्पन्नातला 10 टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी राखलेला असतो, त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या होतात. तो वाटा पुरतो का? गोरिलांनी ज्याचं पीक तुडवलं त्या शेतकऱ्याला तो न्याय्य वाटतो का? यावर एखाद्या बातमीदाराने आठवडाभर गावात राहून लिहावं, मी शब्द न् शब्द वाचेन.

असं लिहिलं का जात नाही, याचं एक कारण उघड आहे. प्रवासलेखन बऱ्याचदा पर्यटन मंडळाच्या किंवा हॉटेलच्या खर्चाने होतं. ज्याने विमानाचं तिकीट काढलं, खोली दिली, त्याला सांडपाणी कुठे सोडता असं विचारायला जीभ रेटत नाही. लेखकांना मी सरसकट अप्रामाणिक म्हणणार नाही. संपादक प्रवासाचे पैसे देत नाहीत, हे दुखणं त्याहून जुनं आहे.

विमानाबद्दल तर बोलायलाच नको. 2018 मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे 8 टक्के पर्यटनाच्या नावावर मांडले. तरी 'हरित सुट्टी'च्या लेखात बांबूचा टूथब्रश असतो, आणि तिथवर नेणारं लांब पल्ल्याचं उड्डाण गायब.

माझी मागणी साधी आहे. प्रवासाचा खर्च कुणी केला, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत छापा. आणि 'कसे जाल'च्या चौकटीत आणखी एक ओळ वाढवा: इथे दिवसाला किती माणसं झेपतात आणि सध्या किती येतात.