हौदा हवाय की मागची सीट?

जुनी लक्झरी गाडी घ्यायची, पण मागे सामानाचा हौदा असलेली पिकअप की ऐसपैस मागच्या सीटची मोठी सेदान? जुनी लक्झरी पिकअप म्हणजे कामकरी गाडीच्या अंगावर चढवलेली भरजरी शाल. आणि जुनी गाडी घेणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं. कॅडिलॅकची एस्कलेड ईएक्सटी शालीखाली शेव्हरले ॲव्हलांशच आहे. त्यामुळे बेअरिंग, बुश, स्टिअरिंगचे सांधे साध्या गाडीचे चालतात. महाग पडते ती शाल: स्क्रीन, हेडलाइट, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या.

मोठ्या सेदानची चैन सस्पेन्शनमध्येच असते. म्हणून मागच्या सीटवर चहा हिंदकळत नाही, आणि म्हणूनच खर्चही तिथेच निघतो. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी पिशवीला बारीक चीर गेली की ती गळती भरून काढता काढता हवा भरणारा कॉम्प्रेसर जळतो. घेण्याआधी गाडी संध्याकाळी सपाट जागेवर उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोजा, कारण काही गाड्या दार उघडताच स्वतःला सावरून घेतात. एकच कोपरा सेंटिमीटरभर बसला असेल तर तिथे गळती आहे असं समजा.

सेदानमध्ये बीएमडब्ल्यूचं एन 63 जातीचं व्ही 8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन असेल तर आणखी एक परीक्षा. याचे टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधोमध बसतात. त्या उष्णतेने व्हॉल्व्हचे सील कडक होतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं. गरम इंजिन 15-20 मिनिटं आयडलवर ठेवा, मग रेस द्या. निळा धूर दिसला तर निरोप घ्या.

पिकअपमध्ये आधी वाकून खाली बघा. चासीवर हातोडीने ठोका. खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर आतून गंज लागलाय. मागचा हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा आकडा, घासून चकाकत असेल तर गाडीने बरंच ओढलंय, मग मीटरवरचे किलोमीटर कमी असले तरी गिअरबॉक्स थकलेला असू शकतो. फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावून वळवू नका, मातीवर तपासा. चारही टायरची झीज सारखी हवी.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वजनात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरची वहनक्षमता माणसांसकट असते. समजा 600 किलो लिहिलंय. 75 किलोचे पाच जण बसले की 375 गेले, हौद्यासाठी उरले 225. त्यात सनरूफ, पायऱ्या, जड सीट यांमुळे वरच्या मॉडेलची क्षमता बहुधा साध्यापेक्षा कमीच. चार दारांच्या पिकअपचा हौदाही बऱ्याचदा साडेपाच फुटांचा, म्हणजे आठ फुटी प्लायवूड न्यायचं तर फळका उघडाच ठेवायचा.

माझं मत: महिन्यातून दोनदाही हौदा भरणार नसेल तर सेदान घ्या. रिकामा हौदा प्रत्येक खड्ड्यात उसळतो, ते कातडी सीटने झाकलं जात नाही. मात्र सेदानच्या किमतीचा सहावा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढूनच सौदा करा. तेवढे हातात नसतील तर पिकअपचे हादरे परवडले.

एक तपासणी दोन्हींत सारखीच. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू 7 सिरीज सेदानमध्ये आहे, तसा त्याच घराण्यातला रॅम 1500 पिकअपमध्येही. ‘यातलं तेल आयुष्यभर चालतं’ असं विकणारा हमखास सांगेल. खुद्द झेडएफ 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते, आणि फिल्टर तेलाच्या प्लास्टिक तसराळ्यातच असल्याने तसराळंही नवं लागतं. तेल बदलल्याचं बिल मागा, आणि त्यात तेलासोबत तसराळं लिहिलंय का बघा.