खुलासा : रनीमीडच्या स्मारकाखाली कुणालाही पुरलेलं नाही

‘इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकाखाली २० हजार बॉम्बर पायलट पुरलेत, जर्मन धरणं फोडायला गेलेले ५३ जणही तिथेच’ असा मेसेज फोटोसकट फिरतोय. भावना चांगली, माहिती चुकीची.

रनीमीडच्या स्मारकाच्या भिंतींवरची २० हजारांहून अधिक नावं दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या, पण ज्यांची कबर सापडलीच नाही अशा हवाई दलांतल्या लोकांची आहेत. सगळे पायलट नाहीत, सगळे बॉम्बरवरचेही नाहीत. ब्रिटनसाठी हेरगिरी करणाऱ्या नूर इनायत खानचं नावही तिथेच आहे.

व्हर्नन बायर्स या कॅनडाच्या वैमानिकाचंच बघा. १६ मे १९४३च्या रात्री, धरणं फोडायच्या त्याच मोहिमेत, त्याचं लँकेस्टर बॉम्बर विमान डच किनाऱ्याजवळ पाडलं गेलं. आत सातजण. समुद्राने परत दिला तो फक्त शेपटीकडच्या गनरचा, मॅकडॉवेलचा देह. त्याची कबर नेदरलँड्समध्ये हार्लिंगेनला, बाकी सहांची नावं रनीमीडला. त्या मोहिमेतले इतर बरेच मृत जर्मनीत राइशवाल्ड आणि राइनबर्गच्या दफनभूमीत आहेत.

कुणाला फूल वाहायचं असेल तर आधी युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधा. नुसत्या आडनावाने ढीगभर नोंदी येतात. सर्व्हिस नंबर टाका. तारखेत एक दिवस मागेपुढे धरा, कारण रात्रीच्या मोहिमा मध्यरात्र ओलांडत. नोंदीत दफनभूमी आणि कबरीचा क्रमांक असेल तर देह तिथे आहे. स्मारक आणि पॅनेल क्रमांक असेल तर फक्त नाव.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.