धुराची गाडी आणि फ्रिजमागचा ट्रे

काल संध्याकाळी सोसायटीत धुराची गाडी येऊन गेली. ग्रुपवर लगेच हात जोडलेले इमोजी. 'तिसऱ्या मजल्यावर दोघांना डेंग्यू झाला, तेव्हा कुठे जाग आली यांना' असंही एकाने टाकलं. मी गप्प बसलो, कारण सकाळीच माझी शोभा झाली होती.

पालिकेच्या दोन ताई टॉर्च घेऊन दारात उभ्या. "दादा, फ्रिज जरा पुढे घेता?" मी ऐटीत म्हटलं, आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं हो. फ्रिज सरकवला. मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. टॉर्च पडताच सगळ्या सुळकन तळाला. बायकोने माझ्याकडे कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही.

खरं तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला बहुतेकदा साचलेलं स्वच्छ पाणीच लागतं. गटाराला उगाच शिव्या देतो आपण. मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, कूलर, एवढ्यावर त्याचा संसार होतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. कडा घासायलाच हव्यात.

धुराने मरतात ते उडते डास. अळ्यांना त्याचं काही नाही. त्यात गाडीचा आवाज आला की आपण धडाधड खिडक्या लावतो, आणि हा डास घरातच, पडद्यामागे नाहीतर पलंगाखाली बसलेला. वर चावतो दिवसा, आणि आपण कॉइल लावतो रात्री!

तिसऱ्या मजल्यावर सगळे किवी आणि पपईच्या पानांचा रस घेऊन गेले. मच्छरदाणी कुणीच नेली नाही. तापातल्या माणसाला चावलेला डासच आठ-दहा दिवसांनी पुढच्याला डेंग्यू देतो, त्यामुळे मच्छरदाणीत आधी पेशंटला झोपवायला हवं, तेही भर दिवसा. आणि ताप आला तर आपल्या मनाने ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रविवारी गच्चीवर जायचं म्हणतोय. तिथे दोन जुने टायर पावसाचं पाणी भरून पडलेत. सेक्रेटरींचे आहेत, म्हणून कुणी बोलत नाही. गच्चीची किल्लीही त्यांच्याकडेच आहे.