नुसतं मिसळून का चालत नाही: एका आजोबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या लसीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला, जिवाणूच्या कवचातली शर्करा आणि प्रथिन एका कुपीत मिसळलं तरी भागतं. ती रसायनाने जोडण्याचा खटाटोप भाव चढवण्यासाठी आहे. दुसरा, मेंदूज्वराच्या लसीत धनुर्वाताचं विष घालतात आणि पालकांना सांगत नाहीत. तुमचा नातू दीड महिन्याचा होतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. ‘टी पेशी शर्करेला ओळखतात’ असं मी लिहिलं होतं. लेखातल्या लसीच्या बाबतीत ते उलट आहे आणि तुमचा पहिला प्रश्न बहुधा त्यातूनच आला. बी आणि टी या दोन्ही रोगप्रतिकारक शक्तीच्या पेशी. शर्करेला पकडते ती बी पेशी, प्रतिपिंडं बनवणारी. टी पेशीला दिसतात ते प्रथिनाचे तुकडे. बी पेशीने शर्करा पकडली आणि तिला प्रथिन चिकटलेलं असलं, तर तेही आत ओढलं जातं. आत त्याचे तुकडे होतात, पेशी ते आपल्या पृष्ठभागावर मांडते, ते ओळखून टी पेशी तिच्या मदतीला येते. ही मदत मिळाली की तान्ह्या बाळातही प्रतिपिंडं चांगली बनतात आणि स्मृती राहते. नुसतं मिसळलं तर शर्करा एका बी पेशीकडे जाते, धनुर्वाताचं प्रथिन दुसरीकडे. मदत मिळते ती धनुर्वाताचं प्रथिन पकडणाऱ्या पेशीला, मेंदूज्वराची शर्करा पकडणारी एकटी पडते.

हे कागदावरचं तर्कट नाही. हिब हा लहान मुलांना मेंदूज्वर देणारा आणखी एक जिवाणू. अमेरिकेत १९८५ साली त्याच्या नुसत्या शर्करेची लस आली. ती दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी होती, आणि हिबचा मेंदूज्वर तर मुख्यतः त्याआधीच गाठतो! शर्करा तीच ठेवून प्रथिनाला जोडली, तेव्हा १९९० मध्ये दोन महिन्यांच्या बाळांना लस देता येऊ लागली.

मी स्वतः काही वर्षं अशा लसींच्या बॅचेस तपासल्या आहेत. तिथे एक मोजमाप कधीच टाळलं जात नाही: न जोडलेली, मोकळी शर्करा किती उरली. ती मर्यादेबाहेर गेली की बॅच बाद. तुम्ही सुचवलेलं मिश्रण म्हणजे सगळीच शर्करा मोकळी.

जोडणी नाजूक असते. आफ्रिकेच्या लसीत शर्करेवर पेरिआयोडेट या रसायनाची क्रिया करून तिच्यावर अल्डिहाइड गट तयार करतात, धनुर्वाताच्या टॉक्सॉइडवर (म्हणजे निष्प्रभ केलेल्या विषावर) हायड्राझाइड गट बसवतात, मग एकमेकांशी जुळणाऱ्या या दोन गटांची गाठ घालतात. पेरिआयोडेट जास्त झालं तर जिवाणूची ओळख पटवणारा भागच मोडतो. शिवाय मेंदूज्वराच्या जिवाणूच्या ‘ए’ गटाची ही शर्करा पाण्यात हळूहळू तुटते, म्हणून लस गोठवून सुकवलेली असते.

आता भाव. ही पद्धत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेतल्या कार्ल फ्राश आणि रॉबर्ट ली यांनी बसवली, लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. १९९६-९७ च्या साथीत आफ्रिकेत अडीच लाखांवर लोक आजारी पडले, पंचवीस हजारांच्या आसपास दगावले. त्यानंतर आफ्रिकी देशांची अट होती की डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. ती पाळली गेली आणि ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. रासायनिक जोडणी होती तरीही भाव तेवढाच राहिला. इतर लसींच्या किमतींवर तुम्ही जरूर भांडा, त्यात मी तुमच्यासोबत आहे. पण दोष या जोडणीला देऊ नका.

धनुर्वाताच्या ‘विषा’बद्दल. टॉक्सॉइड म्हणजे फॉर्माल्डिहाइडने निष्प्रभ केलेलं विष. तुम्ही-आम्ही खिळा लागल्यावर जे टीटीचं इंजेक्शन घेत आलो, त्यात तेच असतं. त्याने धनुर्वात होत नाही. काही लसींत सीआरएम-१९७ वापरतात. ते घटसर्पाच्या विषाचंच रूप, पण एका अमिनो आम्लाच्या बदलाने मुळातच निरुपद्रवी झालेलं. आफ्रिकेत ही लस घेतलेल्यांची धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडंही वाढली, तो जास्तीचा फायदा.

पालकांना मराठीत कुणी समजावत नाही, हे मात्र मला मान्य आहे. नातवाला सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, मिळेल. तिच्यात हिबची शर्करा असते, धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडलेली. लस टोचणाऱ्या ताईंकडे खोका मागा आणि हिबच्या ओळीपुढे काय छापलंय ते वाचा. काही अडलं तर इथेच विचारा.