सकाळची लस आणि दुपारचा विनोद

आज सकाळी माझ्या भाचीच्या बाळाला घेऊन आम्ही हडपसरला महापालिकेच्या दवाखान्यात गेलो होतो. बाळ 10 आठवड्यांचे आहे. इतर लसींबरोबर त्याला रोटाव्हायरसची लसही तोंडावाटे दिली गेली, पैसे पडले नाहीत, आणि बाळाने ती लस अर्धी गिळून उरलेल्या अर्ध्याचे फुगे काढले, यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. दुपारी जेवायला बसलो असताना भावजींनी मोबाइलवर आलेला एक निरोप मोठ्याने वाचून दाखवला. कसल्याशा लसीच्या चाचणीसाठी निरोगी स्वयंसेवक हवे होते. "आपण काय उंदीर आहोत का? ज्यांना पैशांची नड असेल ते जातील," असे ते म्हणाले आणि सगळे हसले. त्या वेळी ते बाळ त्यांच्याच मांडीवर झोपलेले होते. मी पाहुणी असल्यामुळे आमटीत भात कालवत गप्प बसले. आता रात्रीचे साडेदहा वाजले आहेत, तरी डोके शांत होत नाही.

भावजी, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक असूनच लिहिते आहे. त्या उंदरांपैकी एक माझी मुलगी आहे.

2011 सालची गोष्ट आहे. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी बाळंतपणानंतर नुकतीच माहेराहून परतले होते आणि मुलगी सात आठवड्यांची होती. वढूच्या रुग्णालयाकडून एक ताई कागद घेऊन घरी आल्या. लहान मुलांना ज्यामुळे जोराचे जुलाब होतात त्या रोटाव्हायरसवर भारतात तयार झालेल्या लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर अशा तीन ठिकाणी सुरू होती. ताईंनी मराठीतले संमतिपत्र वाचून दाखवले. तीनपैकी दोन बाळांना खरी लस मिळणार होती आणि एकाला लसीसारखेच दिसणारे, परंतु लस नसलेले द्रव मिळणार होते, आणि कोणाला काय मिळाले हे त्या ताईंनाही कळणार नव्हते. मी शाळेत शिकवते, तरीही हे ऐकून गोंधळले. प्रश्न विचारला तो सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती. "आन् आमच्या पोरीला नुसतं पाणीच मिळालं मंग?" त्या ताईंनी उत्तर टाळले नाही. मिळू शकते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि नको असेल तर आत्ता नाही म्हणा किंवा नंतर कधीही बाहेर पडा, कारण द्यावे लागणार नाही, असेही सांगितले. मी दोन दिवस विचार करून सही केली. सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

या चाचणीत एकूण 6,799 बाळे होती. ही संख्या मी पुष्कळ नंतर वाचली. तेव्हा मला फक्त एकच बाळ ठाऊक होते, आणि दर आठवड्याला घरी येऊन त्याच्या जुलाबांची चौकशी करणाऱ्या त्या ताई. मुलगी किती वेळा घाण करते याचा हिशेब माझ्याने राहत नसे. तो सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या कोळशाने रेघ ओढत, आणि जरा पातळ झाले की त्या रेघेला शेपूट काढत. ज्या बाईने नातीच्या चाचणीवरून अबोला धरला होता तीच बाई ताई एक दिवस उशिरा आल्या तर त्यांना दारातच फैलावर घेत असे. असे जवळजवळ दोन वर्षे चालले.

आणि यावर तुम्ही उंदीर म्हणता! उंदराला कोणी नाही म्हणण्याचा हक्क देत नाही, भावजी, आणि उंदराची आजी भिंतीवर हिशेब मांडत नाही. सकाळी तुमच्या नातवाला जी लस मिळाली ती काही आभाळातून पडलेली नाही. त्या चाचणीतल्या लसीचा विषाणूच मुळात 1980च्या दशकात दिल्लीतल्या एम्समध्ये नवजात बाळांमध्ये सापडला होता, म्हणजे त्या गोष्टीची सुरुवातसुद्धा कोणाच्या तरी तान्ह्या मुलांपासूनच झाली. चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. गंभीर आजार निम्म्याहून थोडा अधिक घटला, एवढेच. शंभर टक्के वगैरे काही नाही. परंतु जुलाबाने सुकलेले, डोळे खोल गेलेले, सलाईनसाठी शीर सापडत नाही असे मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना विचारा, निम्मे म्हणजे किती असते.

हो, वाईट गोष्टीही घडल्या आहेत, हे मलाही माहीत आहे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि वडोदऱ्यात 2009-10 मध्ये मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस देताना संमतीचा जो खेळ झाला, त्यात पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या, तो लाजिरवाणाच होता. आमच्याकडच्या चाचणीत काही बाळांना नुसते द्रव का द्यावे, बाहेरची महाग लस आधीपासून होती ना, असे विचारणारेही होते, आणि त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पैशांसाठी चाचण्यांना जाणारी माणसेही आहेत. पण मग ती जोखीम नेहमी गरिबांच्याच गळ्यात का पडते, याचे उत्तर जेवणाच्या ताटावर हसणाऱ्यांनीच द्यायचे आहे. आता नियम आहेत. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत जाहीरपणे करावी लागते. तुम्ही पेन्शनचे कागद चार-चार वेळा वाचणारे गृहस्थ आहात, हेही वाचू शकला असता.

इतके लिहून राग जरा उतरला. भावजी वाईट माणूस नाहीत. आमच्या घरातल्या प्रत्येक दुखण्याला तेच धावून येतात, आणि मी हसले नाही हे त्यांच्या लक्षात आले होते, कारण निघताना त्यांनी मला उगाचच दोनदा विचारले, चहा टाकू का म्हणून.

रिक्षात मुलीने विचारले, "आई, मला खरी लस मिळाली होती का पाणी?" ती आता नववीत आहे आणि दुपारचे सगळे तिने ऐकले होते. मला माहीत नाही, असे मी सांगितले, आणि तेच खरे आहे. चाचणी संपल्यावर विचारता आले असते. मी गेले नाही. आळस होता, आणि थोडी भीतीही होती की पाणी असेल तर सासूबाई, असतील तिथून, "मी म्हणलं नव्हतं?" असे म्हणतील. मुलगी म्हणाली, "पाणी असलं तरी चालेल, पाण्याशिवाय तुलना कशाशी करणार?" हे तिला विज्ञानाच्या पुस्तकाने शिकवले की आजीच्या रेघांनी, कोण जाणे. ती भिंत आम्ही घराच्या दुरुस्तीत रंगवून टाकली. तिचा एक फोटो काढून ठेवावा, हे कोणालाच सुचले नाही.

भावजी, दुपारचा तो निरोप मला पाठवा. त्यात वयाची अट काय आहे, ते मला वाचायचे आहे.