कंसाबाहेरचा मामा

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची ठरवली की पहिला प्रश्न पायथॉनचा नसतोच. पुस्तक घ्यायचं की ऑनलाइन डॉक्युमेंटेशन वाचायचं, हा असतो. या एका प्रश्नावर माणूस एक अक्षर कोड न लिहिता महिने काढू शकतो, आणि वर अभ्यास चालू आहे असं चारचौघांत सांगूही शकतो.

आमची पिढी अप्पा बळवंत चौकातली. पुस्तक घरात आलं की निम्मा अभ्यास झाला, ही श्रद्धा. त्याच श्रद्धेने मी जुन्या पुस्तकांतून एक जाडजूड ग्रंथ उचलला. मागच्या पुठ्ठ्याला सीडी चिकटवलेली. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, पण फुकट आलेली वस्तू टाकवत नाही. सुरुवातीची कितीतरी पानं विंडोज एक्सपीवर पायथॉन कसं बसवायचं यातच गेलेली. तीही मी पेन्सिलीने खुणा करत वाचली.

मग पहिला प्रोग्रॅम. पुस्तकात होतं तस्संच लिहिलं: प्रिंट, आणि पुढे अवतरणचिन्हांत नमस्कार. मशीन म्हणालं, प्रिंटचे कंस राहिले, तुम्हाला कंसवालं प्रिंट म्हणायचंय का?

भाचा खिदळला. "मामा, हे पायथॉन दोनचं पुस्तक आहे. तीन आलं 2008 मध्ये. दोनचा सपोर्टही 1 जानेवारी 2020 ला संपला."

मला मात्र भरून आलं. जुनी पुस्तकं काखोटीला मारून येणारे लोक इतके असणार, की भाषा बनवणाऱ्यांनी आमच्यासाठी खास निरोप लिहून ठेवलाय! एवढी दखल बँकेतसुद्धा कोणी घेत नाही.

मग डॉक्युमेंटेशन. फुकट, ताजं, हल्ली दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती. सुरुवातीला एक ट्यूटोरियल आहे आणि ते छान आहे, असं भाचा म्हणतो. मी तिथवर पोचलोच नाही, कारण वर शोधायची चौकट होती. ऑफिसात कोणीतरी 'जनरेटर' म्हणालं होतं, तोच टाकला. शब्दसूची सांगते: जनरेटर म्हणजे जनरेटर इटरेटर परत देणारं फंक्शन. बरं, जनरेटर इटरेटर म्हणजे? जनरेटर फंक्शनने तयार केलेला ऑब्जेक्ट. दोघे एकमेकांना जामीन! त्यात इटरेटरवर क्लिक केलं, तिथून इटरेबलवर, तिथून सीक्वेन्सवर, आणि रात्री उशिरा मी युनिकोडबद्दल काहीतरी वाचत होतो.

आई रोज विचारते, "किती पानं झाली रे?" पुस्तक होतं तेव्हा आकडा सांगता यायचा. आता काय सांगू? आई, टॅब बरेच झालेत.

शेवटी भाचाच वैतागला. "मामा, तू पायथॉन सोड, रस्ट नावाची दुसरी भाषा शिक. त्यांचं अधिकृत पुस्तक ऑनलाइन फुकट आहे आणि तेच छापीलही मिळतं. रस्ट बसवलंस की एक प्रत कॉम्प्युटरवरच येते, नेट नसलं तरी उघडते. मिटला प्रश्न!"

मला घाम फुटला. आता खरोखरच शिकावं लागणार की काय! जरा विचार करून मी म्हटलं, "पण छापील प्रत ऑनलाइनइतकी ताजी असते का रे?"

"तेवढी नसते. ऑनलाइन सुधारत राहतात ना."

"बघ म्हणजे," मी म्हटलं, आणि हलक्या मनाने चहा टाकायला उठलो.