भाव एकच

काल तान्ह्या पोळ्याला मी माझ्याच बैलाला पन्नास रुपये बोजारा दिला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी फिरतात, आणि बैलाच्या नावानं त्यांच्या हातावर जे पडतं तो बोजारा. तर हा बैल माझ्या हातचा, रंग माझा, डोळे माझे. मागच्या पुठ्ठ्यावर उमटलेला अंगठा मात्र माझा नाही. त्या अंगठ्यावरून अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहिते.

मी लाकडी बैल रंगवून विकते. बँकेतल्या फॉर्मवर याला व्यवसाय म्हणतात, घरात ‘तुझं ते चाललेलं’ म्हणतात. वस्तू विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला चाळीस लाखांच्या आत असली तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, हे मी सुरुवातीलाच चौकशी करून ठेवलं होतं. किती काळजी केली होती मी त्या चाळीस लाखांची! असो.

पोळ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी एका हॉलमधल्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. दोन दिवसांचं भाडं सहा हजार. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि ‘पंखा कॉमन’. सुताराकडून कोरा बैल येतो ३८० रुपयांना, रंग-वार्निश ७०, खोका ४०. विकायचा ८५०ला. म्हणजे एका बैलामागे माझ्या दोन रात्रींचे सुटतात ३६०, आणि नुसतं भाडं निघायलाच सतरा बैल विकले पाहिजेत. नशीब थोर म्हणून तो चार स्टॉलमधला उभा पंखा नेमका माझ्यासमोर आला होता. ऑगस्टमधला आमचा उकाडा म्हणजे ओला टॉवेल तोंडावर टाकून झोपल्यासारखा. पंख्यामुळे गिऱ्हाईक थांबेल, असा माझा अंदाज होता. थांबलंही. एकच.

पांढरा हाफ शर्ट, खिशात चष्म्याची डबी, हातात रिकामी कापडी पिशवी. “बेटा, या खुर्चीवर कोणी बसून आहे का?”

मी नाही म्हणाले.

“आमची मंडळी तिकडे पापड पाहून राहिली. पाच मिनिटं बसतो.”

पापडात पाहण्यासारखं इतकं काय असतं ते मला माहीत नाही, पण त्या काकूंनी अडीच तास पाहिलं. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. खुर्ची त्यांनी आधी पंख्याच्या बरोबर पुढ्यात सरकवून घेतली आणि मग एक बैल उचलला.

“केवढ्याचा?”

“साडेआठशे.”

“जोडी?”

“एक.”

काकांनी बैलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ‘भाव एकच’ या पाटीकडे पाहिलं. “मशीनवर केला?”

“नाही काका, सगळं हातानं.”

“मंग तं स्वस्त पाहिजे. लाईट तं लागलीच नाही!”

यावर काय बोलणार? तरी बोलले. डोळा कसा काढते ते सांगितलं. आधी पांढरा बदाम. तो वाळला की काळं बुबुळ. मग श्वास धरून, तीन शून्याच्या ब्रशनं, मोहरीहून बारीक असा पांढरा ठिपका. ठिपका जरा खाली सरकला तर बैल रडका दिसतो, मधोमध पडला तर दचकलेला. दुसऱ्या डोळ्यात तो बरोबर तिथंच यावा लागतो, कारण तिरळा बैल कोणी घेत नाही. रात्रीचा एक वाजून गेला की माझेच डोळे तिरळे व्हायला लागतात. काकांनी सगळं मनापासून ऐकलं.

“ठिपका नाही दिला तं किती कमी होते?”

दमट हवेत वार्निश लवकर वाळत नाही. आदल्या रात्रीचे पाच-सहा बैल अजून चिकट होते, म्हणून त्यांच्यापुढे मी चिठ्ठी ठेवली होती. काकांनी ती मोठ्यानं वाचली, “वार्निश ओले आहे, हात लावू नये,” आणि त्यातल्या निळ्या झुलीच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर अंगठा दाबला.

“हो, ओलंच आहे,” म्हणाले, आणि अंगठा माझ्या टेबलावरच्या चादरीला पुसला.

तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं, नागपुरात नवीन. मी खुलले. तान्हा पोळा १८०६ साली दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला असं सांगतात, खऱ्या बैलांशी लहान पोरांना खेळता येत नाही म्हणून त्यांच्यासाठी हे लाकडी बैल, वगैरे सगळं रंगात येऊन सांगत होते. त्या मुलीनं पर्स उघडली होती. खरंच उघडली होती.

“तवा काय भाव होता बैलाचा?” काका.

जोडपं हसलं. काकांना चेव आला. “इतवारीच्या बाजारात दीडशेत येते ना. शहीद चौकात उतरा अन् कोणालेही विचारा.” इतवारीला जायचं कसं, गाडी लावायची कुठं, येताना तर्री-पोहा खायचा कुठं, सगळं त्यांनी इतकं नीट समजावलं की जाताना जोडप्यानं वाकून नमस्कार केला. काकांना. पर्स बंद झालेली होती.

आमच्या घरी परवा नळवाला आला. दहा मिनिटांत वायसर बदलून तीनशे घेऊन गेला. त्याला कोणी म्हणालं नाही की छान, वेळ चांगला जात असेल तुमचा. इतवारीच्या बैलाशी माझं भांडण नाही, तोही कोणी तरी घाम गाळूनच केलेला असतो. पण माझ्या मावसबहिणीनं मागच्या वर्षी चार बैल ‘घरचेच तर आहेत’ म्हणून फुकट नेले आणि तिच्या सोसायटीत वाटून ‘तुझी केवढी जाहिरात झाली’ म्हणून वर मला उपकार ऐकवले. त्या जाहिरातीतून आजपर्यंत एक फोन आला. त्या बाईंनाही घरचाच भाव हवा होता.

शेवटी काकू आल्या. दोन्ही हातांत पापडांच्या पिशव्या. टेबलावर तेवीस बैल होते. त्यांनी नेमका निळ्या झुलीचा उचलला.

“अगं बाई, डोळे किती बोलके आहेत याचे! नातवाले घेऊ हो.”

अडीच तासांत डोळ्यांबद्दल कोणी बोललं ते हे पहिलं. मी काकांना मनातल्या मनात माफ करून टाकलं. तेवढ्यात काकूंनी बैल फिरवला. “इथं डाग आहे वाटते.”

काकांनी डबीतून चष्मा काढला, घातला, बैल पंख्याच्या उजेडाकडच्या बाजूला धरला. “डागी पीस आहे बेटा. डागी मालाले अर्धा भाव राहते.”

“काका, तो तुमचा अंगठा आहे.”

त्यांनी आपला अंगठा ठशाशेजारी धरून पाहिला. रेघा जुळवल्या. हा माणूस खोटं बोलणारा नव्हता, एवढं मान्य करते.

“असू शकते. पण ठसा तं तुमच्या मालावर आहे ना.”

“अन् हे एवढा वेळ बसले तुमच्या दुकानात,” काकू म्हणाल्या, जणू बसण्याचं भाडं मीच द्यायचं होतं.

सहाशेला दिला. का दिला? घरी नेऊन घासून पुन्हा रंगवायचा तर एक अख्खी रात्र गेली असती, आणि डोळ्यांचं कौतुक झालं की मी भिजलेल्या खोक्यासारखी होते. दोन दिवसांत अकरा बैल गेले. दहा पूर्ण भावानं, अकरावा डागी. भाडं वजा जाता २,२९० रुपये पदरचे गेले. खोका बांधताना काकांनी मी कुठं राहते ते विचारलं. “त्रिमूर्तीनगर? आमची पोरगी तिथंच राहते!” मला यात काही धोका दिसला नाही.

काल सकाळी मारबत पाहायला गेले होते. मारबत म्हणजे इडा-पिडा घालवायला मिरवणुकीनं नेतात तो बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१पासून निघते, पिवळी १८८५पासून. बरोबर बडगे असतात, म्हणजे त्या-त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. महागाईचा असतो, पुढाऱ्यांचा असतो. खुर्चीवर बसून पंखा खाणाऱ्या काकांचा अजून कोणी केलेला नाही. पुढच्या वर्षी मी करून देईन, तोही फुकट. गर्दी ओरडली, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” मी ओरडले, “भाव करणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत!” शेजारच्या बाईनं मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात पाच वर्षांचं पोरगं, धोतर, काजळाच्या मिशा, आणि दोरीला निळ्या झुलीचा बैल. मी वाकून पुठ्ठा पाहिला. तोच अंगठा, आता कडकडीत वाळलेला.

मी वीसची नोट पुढे केली. पोरगं हलेना.

“आजोबा म्हणे, हा हातानं रंगवलेला आहे. पन्नासच्या खाली घ्यायचे नाही.”

“तीस घे बाळा.”

त्यानं वळून फाटकाकडे पाहिलं. फाटकाशी पांढरा हाफ शर्ट उभा होता.

“भाव एकच आहे बेटा!” काका तिथूनच ओरडले.